कधीच न भरणारी टाकी: सेप्टिक टँकचे नियम आणि बारामती-इंदापूरची काळी माती

(आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचं हे लिखित रूप. वाचायला सोयीचं व्हावं म्हणून थोडी काटछाट केली आहे, बोलण्याचा बाज तसाच ठेवलाय.)

आजचा विषय जेवता जेवता ऐकण्यासारखा नाही, हे आधीच सांगून टाकतो. ताट वाढलेलं असेल तर जेवून घ्या, मग या.

इंदापूर तालुक्यातून, नीरा डाव्या कालव्याखालच्या एका गावातून, एका श्रोत्यांनी प्रश्न पाठवलाय. त्यांचं घर बांधून होत आलंय. गवंडी म्हणतोय, "संडासच्या टाकीला खाली कोबा करू नका, तळ मोकळा ठेवा. टाकी जन्मात भरणार नाही." दहा फूट लांब, आठ फूट रुंद, दहा फूट खोल असा खड्डा घेऊनही झालाय. घरची विहीर तिथून वीस-पंचवीस पावलांवर. ते विचारतात, असं चालतं का? आणि याला काही सरकारी नियम असतो का, की ज्याची टाकी त्याची मर्जी?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पटकन देतो: नियम आहेत, आणि बऱ्यापैकी नेमके आहेत. पहिल्याला मात्र आजचा पूर्ण भाग लागेल. कारण आपल्याकडं बारामती, इंदापूर, दौंड, फलटण कुठंही जा, "आमची टाकी वीस वर्षांत एकदा पण उपसली नाही" हे लोक अभिमानानं सांगतात. पोरगं पहिलं आल्यासारखं सांगतात. आणि त्या वाक्यातच सगळी गोम आहे.

सेप्टिक टाकी काम कशी करते ते बघा. मैला आणि पाणी आत येतं. जड भाग तळाला बसतो, तो गाळ. हलका, तेलकट भाग वर तरंगतो, ती साय. मधलं त्यातल्या त्यात निवळ पाणी दुसऱ्या बाजूच्या नळातून बाहेर पडतं. हवा नसलेल्या त्या अंधारात जिवाणू गाळ खात बसतात, म्हणून तो हळूहळू वाढतो. आता पाच माणसांच्या घरात संडासात दिवसाला दीड-दोनशे लिटर पाणी पडतं असं धरा. टाकी बाराशे लिटरची असेल, तर आठवड्याभरात ती बाहेरच्या नळाच्या पातळीपर्यंत भरते. त्यानंतर कायम भरलेलीच राहते, जेवढं आत तेवढं बाहेर. म्हणजे धड बांधलेली सेप्टिक टाकी नेहमी भरलेली असते! आपल्या श्रोत्यांचा साडेबावीस हजार लिटरचा खड्डासुद्धा, गळत नसेल तर, चार महिन्यांत भरायला पाहिजे. वीस वर्षांत भरत नाही याचा अर्थ एकच. पाणी खालून कुठंतरी जातंय.

कुठं जातंय, ते आपल्या मातीला विचारावं लागेल.

वरती माती, खाली मुरूम, मग फुटका खडक

बारामतीच्या जिरायती भागात, सुप्याकडं, मोरगावकडं माती उथळ, हातभर खणलं की मुरूम. नीरेच्या काठाला आणि कालव्याखाली इंदापूरपर्यंत काळी, चिकट, खोल माती. दोन्हीकडं खाली तोच थर: मुरूम, मग भेगाळलेला काळा खडक, मग कठीण पाषाण. विहिरीला पाणी लागतं ते या मुरमात आणि खडकाच्या भेगांत.

मैलापाण्यातले जंतू अडवायचं काम माती करते, आणि तेही वरची, हवा खेळणारी, कोरडी माती. पाणी तिच्यातून हळू झिरपत गेलं तर जंतू तिथं अडकतात, मरतात. मुरमात आणि भेगांत तशी गाळणी नसते, तिथं पाणी पळतं. आता दहा फूट खोल, मोकळ्या तळाचा खड्डा म्हणजे आपण काय केलं? गाळणीचं काम करणारा थर ओलांडला आणि मैला थेट त्या थरात नेऊन सोडला, ज्यातून विहिरीला पाणी येतं. खड्डा जितका खोल, तितका विहिरीशी संबंध जवळचा. गवंडीदादा यालाच टाकी "चालते" म्हणतात.

कालव्याखाली आणखी एक भानगड आहे. नीरा डावा कालवा १८८५ चा. तेव्हापासून या पट्ट्यात पाणी खेळतंय, ऊस उभा राहिला, आणि त्याच पाण्यानं कित्येक रानं चिबड आणि खारवट झाली. तिथं भूजल वर असतं, पावसाळ्यात तर दोन-चार फुटांवर. उजनीच्या फुगवट्याच्या काठाला, पळसदेवकडच्या पुनर्वसित गावांच्या बाजूलाही पाणी फार खाली नसतं. अशा जागी मोकळ्या तळाचा खड्डा पावसाळ्यात भूजलातच बुडतो. मग आतलं बाहेर आणि बाहेरचं आत, दोन्ही चालू.

आणि काळी माती फसवी. मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, बादली ओता, गुडूप. त्यावरून कोणी म्हणालं की जमीन पाणी पिते, तर ते खोटं. जुलैत तीच माती फुगते, भेगा मिटतात आणि शोषखड्ड्याचं डबकं होतं.

जंतूंचा मुद्दा लोकांना पटतो, नायट्रेटचा पटत नाही. मैल्यातला नत्र शेवटी नायट्रेट होऊन पाण्यात उतरतो. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याला लिटरला ४५ मिलिग्रॅमची मर्यादा आहे. ते पाणी उकळून जात नाही, टीसीएल पावडर टाकून जात नाही, वासही येत नाही. तान्ह्या बाळाच्या दुधात ते पाणी गेलं तर रक्ताची प्राणवायू वाहून न्यायची ताकद घटते. उसाच्या पट्ट्यातल्या विहिरीत नायट्रेट सापडलं तर ते सगळं संडासातून आलं असं मात्र नाही, युरियाच्या गोण्यांचा वाटा मोठा असतो. पण घराजवळच्या विहिरीत नायट्रेट आणि मैल्याचे जंतू दोन्ही एकत्र सापडले, तर बोट आधी टाकीकडं जातं.

कागदावर काय लिहिलंय

आता नियम. भारतीय मानक २४७०, त्याचे दोन भाग, दोन्ही १९८५ चे. पहिला भाग टाकीचा, दुसरा टाकीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा. आपल्याकडं पहिला भाग थोडाफार पाळतात, दुसरा कुणी उघडूनही बघत नाही. पुढं राज्य सरकारनं डिसेंबर २०२० मध्ये एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली आणली. मुंबई आणि काही मोजके भाग सोडले तर राज्यभर बांधकामाला तीच लागू. तिच्यातही सेप्टिक टाकीची कलमं आहेत.

त्यातलं कामाचं तेवढं सांगतो. टाकी आतून किमान ७५ सेंटिमीटर रुंद, पाणी किमान एक मीटर खोल, क्षमता किमान १००० लिटर, लांबी रुंदीच्या दुप्पट ते चौपट. पाच माणसांच्या घराला, दोन वर्षांनी उपसा करायचा असेल तर, मानकातली टाकी दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि पाण्याची खोली एक मीटरच्या किंचित वर. फुटांत बोलायचं तर पाच बाय अडीच, साडेतीन फूट पाणी, वर फूटभर मोकळी जागा. झाले बाराशे लिटर. आपल्या श्रोत्यांचा खड्डा याच्या अठरा-एकोणीस पट मोठा आहे. म्हणजे गवंड्याचं ऐकून खर्च जास्त केला आणि काम उलटं झालं. दोन हजार लिटरच्या वर टाकी गेली तर मध्ये भिंत घालून दोन कप्पे करायचे, पहिला मोठा. वायुनळी किमान ५० मिलिमीटरची, तोंडाला डासांची जाळी. तळ आणि भिंती पाणी न गळणाऱ्या. शोषखड्डा किंवा चर पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून, मानकाप्रमाणं, १८ मीटरच्या आत नको. म्हणजे साठेक फूट. आपल्या भेगाळलेल्या खडकात तर हे अंतर मी किमान समजेन, सुरक्षित समजणार नाही. आणि राहत्या घरापासून सहा मीटर लांब.

सगळ्यात महत्त्वाचं कलम: टाकीतून बाहेर पडणारं पाणी कुठल्याही परिस्थितीत, पुरेशी प्रक्रिया केल्याशिवाय, उघड्या गटारात किंवा ओढ्या-नदीत सोडायचं नाही. टाकी पाण्यातली घाण फार तर तिसरा हिस्सा ते निम्मी कमी करते. जंतू बरेचसे तसेच राहतात. "टाकीतून आलंय म्हणजे साफ झालंय" हा समज चुकीचा.

आता आपल्या गावठाणातून एक चक्कर मारून या. किती घरांच्या टाकीचा नळ थेट गटारात निघालेला दिसतो? गटार ओढ्याला, ओढा कऱ्हेला नाहीतर नीरेला, नाहीतर भीमेतून उजनीला. उजनीचं पाणी सोलापूरकर पितात. पुण्याचं सांडपाणी उजनीत येतं म्हणून आपण ओरडतो, आणि ते ओरडणं बरोबरच आहे. पण आपला चार इंची नळ त्याच वाटेवर आहे.

नियम एवढे स्पष्ट, मग असं का? माझं मत सांगतो. या नियमांनी टाकीकडं फक्त एकदा बघायचं ठरवलंय, बांधताना, आणि तेही नकाशावर. नगरपरिषदेच्या हद्दीत नकाशात टाकीचा चौकोन काढलेला असतो. प्रत्यक्ष तपासायला कुणी आलंच, तर तोवर वर फरशी बसलेली असते. खाली कोबा आहे की नाही हे फरशीवरून कळत नाही. छोट्या प्लॉटला तर परवानगीची पद्धत मुद्दाम सुटसुटीत केलीय, आणि ते एका अर्थी बरंही आहे, घर बांधणाऱ्याची हेलपाट्यांतून सुटका झाली. गावठाणात विषय ग्रामपंचायतीकडं, आणि ग्रामसेवकाकडं आधीच पन्नास कामं. जल प्रदूषण कायदा १९७४ चा आहे, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ त्याच्याही आधीचं. त्या कायद्यात ओढ्यात, विहिरीत घाण सोडायला बंदी आहेच. पण मंडळाचं लक्ष कारखाने, मोठ्या वसाहती, नगरपरिषदा यांच्याकडं. तुमच्या-माझ्या टाकीला मंडळाचा माणूस येईल ही अपेक्षा धरू नका.

म्हणजे बांधकामाचा नियम आहे, पण बांधल्यानंतरच्या वीस-तीस वर्षांचा मालक कोणी नाही. पाणी कुठं मुरतं, उपसा कधी होतो, उपसलेलं कुठं जातं, या तिन्ही प्रश्नांना विचारणारा माणूस नाही.

जगात हे फक्त आपल्याकडंच आहे असं नाही. आयर्लंड बघा, युरोपातला देश, खेडोपाडी शेतकऱ्यांच्या घरांना अशाच टाक्या. तिथल्या सरकारकडं कित्येक वर्षं तपासणीची व्यवस्थाच नव्हती. २००९ मध्ये युरोपच्या न्यायालयानं देशाला दोषी धरलं, मग २०१२ मध्ये कायदा करून प्रत्येक टाकीची नोंदणी सक्तीची केली, ५० युरो शुल्क लावलं. गावागावांत विरोध झाला, "आमच्या परसात सरकार घुसतंय" म्हणून. शेवटी लवकर नोंदणी करणाऱ्यांना शुल्क पाच युरोवर आणावं लागलं. पण यादी तयार झाली, आणि तपासणी करायची तर आधी यादी लागतेच. आपल्या तालुक्यात किती घरांना टाक्या आहेत, त्यातल्या किती मोकळ्या तळाच्या, याची यादी ग्रामपंचायतीला घरपट्टीच्या फेरीतच करता येईल. दोन रकाने वाढवायचे.

उपसा

आता जरा गंभीर व्हायचंय.

मार्च २०२३ मध्ये बारामती तालुक्यातल्या खांडज गावात जनावरांच्या मलमूत्राच्या टाकीत चार माणसं गुदमरून गेली. त्यातले तिघं एकाच कुटुंबातले. एक आत गेला, त्याला काय झालं म्हणून दुसरा उतरला, मग तिसरा. त्याच्या वर्षभर आधी, मार्च २०२२ मध्ये, लोणी काळभोरजवळ कदमवाकवस्तीत सेप्टिक टाकी साफ करताना चौघं गेले. शेणाची टाकी असो की संडासची, आतला वायू तोच. मिथेन, कार्बन डायऑक्साइड आणि सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड. हा शेवटचा फार वाईट, कारण त्याचं प्रमाण वाढलं की नाकाची वास घ्यायची शक्तीच बधिर होते. माणसाला वाटतं वास गेला, हवा मोकळी झाली. दोन-चार श्वासांत तो खाली पडतो. गाळ ढवळला की त्यात अडकलेला वायू एकदम सुटतो, म्हणून झाकण उघडून तासभर ठेवलं तरी भरवसा नाही. काडी पेटवून बघणं तर मूर्खपणा, मिथेन पेट घेतो.

मैल्याच्या टाकीतला वायू जळतो हे आपल्याकडं फार जुनं ज्ञान आहे, बरं का. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात, आजचं वडाळ्याचं अॅकवर्थ रुग्णालय, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सेप्टिक टाकी बांधली आणि तिचा वायू वापरात आणला. पुढं आपल्याच जिल्ह्यात, देहूला, डॉ. मापुसकर १९५९ मध्ये गेले. सरकारी नमुन्याचे पहिले संडास पावसात कोसळल्यावर त्यांनी कोकणात अप्पा पटवर्धनांच्या कामाची वाट धरली आणि संडासला जोडलेला गोबरगॅस घरोघरी नेला. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. देहूची गोष्ट मोठी आहे, तिच्यावर वेगळा भाग करू.

तर कायदा. २०१३ च्या कायद्यानं सुरक्षा साधनांशिवाय माणसाला सेप्टिक टाकी किंवा गटार साफ करायला लावणं गुन्हा ठरवलंय. लावणारा कोणीही असो, नगरपरिषद, ठेकेदार, सोसायटी किंवा घरमालक. पहिल्या वेळेला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा केलं तर पाच वर्षं आणि पाच लाखांपर्यंत. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये मृताच्या वारसाला दहा लाख भरपाई ठरवली, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाख केली. "पाचशे रुपये जास्त देतो, उतर" असं म्हणणाऱ्यानं हे आकडे लक्षात ठेवावेत. आणि कोणी आत पडलाच, तर मागोमाग उतरू नका. वरून दोर टाका, आरडाओरडा करा, अग्निशामक दलाला बोलवा. हे सांगायला सोपं, आपला माणूस आत असताना पाळायला फार अवघड, मला कळतं. म्हणूनच झाकण उघडायच्या आधी ठरवून ठेवायचं.

मग उपसायचं कसं? सक्शन गाडीनं. पाइप आत, पंप चालू, माणूस बाहेर. पण गाडी यायला वाट लागते आणि पाइप जायला झाकण लागतं. आपण काय करतो, टाकी घराच्या मागच्या बोळात बांधतो, वर शहाबादी फरशी, तिच्यावर तुळशीवृंदावन. मग उपसायच्या वेळी पहार आणि घण, आणि ते फोडायला एक माणूस.

किती वर्षांनी उपसायचं? मानक म्हणतं, साधारण दोन वर्षांतून एकदा. राज्याच्या नगरविकास विभागानं २०१६ मध्ये शहरांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात तीन वर्षांचं चक्र धरलंय. गाळ वाढत वाढत निम्म्यावर आला की वर पाण्याला थांबायला जागा उरत नाही, मैला तसाच पुढं शोषखड्ड्यात जातो आणि शोषखड्डा कायमचा बसतो. बहुतेक लोक गाडी बोलवतात ती संडास तुंबल्यावर. तोवर टाकी नाही, शोषखड्डा मेलेला असतो.

आणि गाडी भरून गेली कुठं? हा प्रश्न आपण विचारत नाही. गाडीवाल्याला प्रक्रिया केंद्र लांब, डिझेल महाग. रात्रीच्या वेळी ओढा जवळ. किंवा एखादा शेतकरी म्हणतो, ऊस तुटलाय, रान मोकळं आहे, ओत इथंच, खत होईल. खत होतं हे खरं, पण ताज्या मैल्यातली जंतांची अंडी जमिनीत महिनोनमहिने जिवंत राहतात. त्या रानात पुढं कांदा-कोथिंबीर लावली, की ती ताटात येतात. उपसलेल्या मैल्याला प्रक्रिया लागते, निदान वाळवण आणि बराच काळ थांबणं.

इथं एक चांगलं उदाहरण फार लांब नाही. साताऱ्यातलं वाई आणि नाशिकमधलं सिन्नर. दोन्ही छोट्या नगरपरिषदा. त्यांनी "तुंबली की फोन करा" ही पद्धत सोडली. शहराचे भाग पाडले, प्रत्येक घराची टाकी तीन वर्षांतून एकदा, पाळीनं, न बोलावता उपसायची. त्यासाठी एकदम मोठं बिल नाही, दरवर्षी थोडा स्वच्छता कर. गाडी मैला घेऊन थेट प्रक्रिया केंद्रावर, दोन्ही ठिकाणी दिवसाला ७० हजार लिटर क्षमतेचं. यातली खरी हुशारी यंत्रात नाही, पैशाच्या पद्धतीत आहे. गाडीवाल्याला पैसे घरमालकाकडून मिळाले, तर त्याचं काम टाकी रिकामी झाली की संपतं, पुढं ओढा आहेच. पैसे नगरपरिषदेकडून, केंद्रावर खेप पोचल्यावर मिळाले, तर तो केंद्रावर जातो.

गावांचं काय? स्वच्छ भारत मिशनच्या ग्रामीण भागाचा दुसरा टप्पा २०२० पासून चालू आहे. त्यात मैला गाळ व्यवस्थापनाला माणशी २३० रुपयांपर्यंत तरतूद, आणि सांडपाण्याला पाच हजारांपर्यंत वस्तीच्या गावाला माणशी २८० रुपयांपर्यंत. गावाच्या लोकसंख्येनं गुणून बघा, आकडा छोटा नाही. जवळ शहराचं केंद्र असेल तर गावांनी त्याच्याशी करार करावा, असं त्यात धरलंय. ते होईपर्यंत, भूजल खोल असेल तिथं, चर खणून गाळ पुरण्याचा तात्पुरता मार्गही दिलाय. चिबड रानात मात्र ते करू नका.

अंघोळीच्या, भांड्यांच्या पाण्याला टाकीत घालू नका, उगाच टाकी ढवळते. त्याला वेगळा शोषखड्डा. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीनं हे गावभर करून दाखवलं, डास आटोक्यात आणले, त्याला लोक नांदेड पॅटर्न म्हणतात. ही टेंभुर्णी हिमायतनगर तालुक्यातली, आपल्या भीमेपलीकडची माढ्याची नव्हे. मागे एकदा हा घोळ झाला होता श्रोत्यांचा.

तर दादा, तुम्ही काय करायचं

खड्डा घेऊन झालाय म्हणून तो वापरलाच पाहिजे असं नाही. घरात पाच-सहा माणसं असतील तर त्यातला चार-साडेचार फूट भाग ठेवून खालचा बुजवा, चांगला चोपून घ्या, वर काँक्रीटचा तळ करा. आतून प्लास्टर, पाणी भरून दोन दिवस ठेवा आणि खूण करून पातळी उतरते का बघा. मिस्त्रीचे शेवटचे पैसे त्यानंतर द्या, आधी नको. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या दोन्ही नळांना टी बसवा, नाहीतर साय सरळ बाहेर जाते. झाकणं प्रत्येक कप्प्यावर, फरशीच्या वर, उचलता येतील अशी आणि पोरांना उघडता येणार नाहीत अशी.

बाहेरच्या पाण्याचं: विहिरीच्या विरुद्ध बाजूला, उताराच्या खालच्या अंगाला न्या. साठ फुटांपेक्षा जेवढं लांब जाईल तेवढं बरं. आधी जमीन किती पाणी पिते ते तपासा. हातभर व्यासाचा उथळ खड्डा घ्या, आदल्या दिवशी पाण्यानं भरून ठेवा, माती फुगू द्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा भरून घड्याळ लावा. ही चाचणी मे महिन्यात करू नका. पावसाळ्यात, किंवा कालव्याचं आवर्तन चालू असताना करा. पाणी तासन्‌तास हललंच नाही तर शोषखड्ड्याचा नाद सोडा. मानकातच अशा मातीला दुसरा मार्ग दिलाय: टाकीच्या पुढं खडीनं भरलेला आणखी एक कप्पा, ज्यात पाणी खालून शिरतं आणि खडीतून वर चढून बाहेर पडतं. खडीवर जिवाणूंचा थर बसतो, तो पाणी आणखी साफ करतो. त्याच्या पुढं तळाला प्लास्टिक घातलेला खडी-वाळूचा वाफा करून कर्दळ लावा. ती पाणी भरपूर पिते आणि दिसायलाही बरी.

तिसरा पर्याय, टाकीच नको असेल तर. पाणी खोल असलेल्या, मुरमाच्या वर बऱ्यापैकी माती असलेल्या जागी दोन शोषखड्ड्यांचं शौचालय टाकीपेक्षा चांगलं. एक खड्डा भरला की दुसरा चालू करायचा, पहिला दीड-दोन वर्षं झाकून ठेवायचा, आतलं कोरडं खत होतं, फावड्यानं निघतं. सुप्याकडच्या लोकांनी याचा विचार करावा. तुमच्या कालव्याखालच्या जागेला मी ते सुचवणार नाही.

विहिरीचं पाणी पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर तपासून घ्या, जंतू आणि नायट्रेट दोन्ही, पंचायत समितीत विचारलं की प्रयोगशाळेचा पत्ता मिळतो. गावाच्या सार्वजनिक स्रोताला लाल, पिवळं, हिरवं कार्ड मिळतं, खासगी विहिरीला कोणी कार्ड देत नाही, तिची तपासणी आपणच करायची.

आणि सक्शन गाडी बोलवाल तेव्हा पैसे द्यायच्या आधी एवढंच विचारा, "खेप कुठं रिकामी करणार?" उत्तर ऐका. बारामतीच्या किंवा इंदापूरच्या नगरपरिषदेत जाऊन विचारा, गावांच्या गाड्या तुमच्या केंद्रावर घेता का, किती पैसे. जे उत्तर मिळेल ते आम्हाला व्हॉइस नोटवर पाठवा. दहा-बारा उत्तरं जमली की पुढच्या महिन्याच्या भागात दोन्ही तालुक्यांचा हिशोब मांडू.